कानाचा घसारा

माणसाला देवाने दोन कान दिले ते एकाने ऐकून दुसऱ्याने सोडून देण्यासाठी, अशी लग्न झाल्यापासून माझी ठाम समजूत होती. बँकेत चिकटल्यावर ती अधिकच पक्की झाली. काउंटरच्या पलीकडून येणारे सगळेच ऐकून मनात ठेवायचे म्हटले तर कारकून पेन्शनपर्यंत पोचायचा नाही. त्यामुळे कान हा खरोखर ऐकण्याचा अवयव आहे, आणि त्याची हौस पुरवण्यासाठी शहाणीसुरती माणसे लाख-लाख रुपये घालवतात, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, एका रविवारी सकाळी जुळे सोलापुरात कळले.

आमच्या शाखेत कर्जखात्याला एक गृहस्थ आहेत. त्यांचे नाव सांगत नाही. हे पुस्तक त्यांच्या सौभाग्यवतींच्या हाती पडले, तर हेडफोनची खरी किंमत त्यांना कळेल आणि एक चालू खाते कायमचे बंद होईल. शनिवारी कॅश टॅली करताना ते हळूच म्हणाले, "तुमच्याकडे वडिलांच्या जुन्या रेकॉर्डी आहेत ना? त्यातली एखादी घेऊन या उद्या. आमची मंडळी जमतात. मशिनी समोरासमोर लावून बघणार आहोत."

मी माळ्यावरून एक तबकडी काढली, फुटू नये म्हणून सोलापुरी चादरीत गुंडाळली आणि स्कूटरच्या पुढच्या बाजूला दोन पायांत उभी धरून निघालो. सिग्नलला एका ओळखीच्या खातेदाराने विचारले, "काय मालक, चादरीचा धंदा काढला का?"

हॉलमध्ये सात-आठ जण होते आणि वायरी सातशे-आठशे. सतरंजीवर अ‍ॅम्प्लिफायर मांडलेले, त्यांतल्या दोघांच्या डोक्यावर काचेचे व्हॉल्व्ह देवापुढच्या समयीसारखे मंद जळत होते. मंडळींच्या डोक्यावर मोठमोठे हेडफोन होते. डोळे मिटून सगळे इतके स्तब्ध बसले होते, की कोणी गेले की काय असे वाटून मी चपला जरा हळूच काढल्या. मग एकाने डोळे उघडून दुसऱ्याला सांगितले, "याचा तळ घट्ट आहे, पण वर हवा कमी आहे." दुसरा म्हणाला, "हवा आहे, पण आवाज थोडा कोरडा लागतो." मला वाटले वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचे बोलणे चालले आहे.

एका अ‍ॅम्प्लिफायरच्या माहितीपत्रकात लिहिले होते की तो दहापासून चाळीस हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज देतो. आता माणसाचा कान, तोही लहान पोराचा, फार तर वीस हजारांपर्यंत ऐकतो. चाळिशी ओलांडली की ही वरची हद्द चौदा-पंधरा हजारांवर येते आणि पुढे दरवर्षी थोडीथोडी खाली सरकते. मी कॉमर्सचा माणूस. माझ्या डोक्यात चटकन उजेड पडला, हा घसारा! यंत्रावर लावतो तसाच. फरक एवढाच की यंत्राचा घसारा वजा करून आपण नवे यंत्र घेऊ शकतो. कानाच्या आत ज्या बारीक केसांसारख्या पेशी असतात त्या एकदा गेल्या की परत उगवत नाहीत. त्या खात्यात जमेची बाजूच नाही.

मग वीसच्या वरचे ते वीस हजार हर्ट्झ कोणासाठी? कुत्र्याला पंचेचाळीस हजारांपर्यंत ऐकू येते. म्हणजे हा अ‍ॅम्प्लिफायर पुरेपूर वसूल करण्याचा हक्क जगात एकालाच होता, 'हिज मास्टर्स व्हॉइस'च्या तबकडीवरच्या त्या निपरला. आणि तो बिचारा १८९५ सालीच वारला. फ्रान्सिस बॅरोने त्याचे चित्र काढले तेव्हा कुत्र्यापुढे नळकांडीचा फोनोग्राफ होता. १८९९ साली ग्रामोफोन कंपनीने चित्र घेतले ते चित्रकाराने त्यावर रंग चढवून फोनोग्राफच्या जागी ग्रामोफोन काढून देण्याच्या बोलीवर. म्हणजे एकाच श्रोत्यापुढे दोन यंत्रे बदलून बघण्याचा पहिला प्रयोग कुत्र्यावर झाला, आणि तोही त्याच्या मृत्यूनंतर. त्याचे मत कोणी विचारले नाही.

किमतीचे तर विचारूच नका. कर्जखात्याने माझ्या डोक्यावर जो हेडफोन चढवला तो माझ्या स्कूटरपेक्षा महाग होता. स्कूटर निदान दोघांना तरी नेते. त्यावर यजमान म्हणाले, "हे काहीच नाही." मग त्यांनी सांगितले ते मी घरी येऊन ताडून पाहिले, खरे निघाले. सेनहायझर या जर्मन कंपनीने १९९१ साली 'ऑर्फियस' नावाचा हेडफोन व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरसकट काढला. तीनशेच्या आसपासच नग बनवले. २०१५ साली त्याचा पुढचा अवतार जाहीर केला. त्याची बैठक इटलीतल्या कराराच्या संगमरवराची, ज्यातून मायकेलअँजेलोने डेव्हिड घडवला तो दगड. बटण दाबले की संगमरवरातून व्हॉल्व्ह हळूहळू वर येतात, खांबातून नरसिंह यावा तसे. तेव्हा जाहीर केलेली किंमत पन्नास हजार युरोंच्या आसपास होती, म्हणजे आजच्या हिशेबाने आपले चाळीस लाखांच्या पुढे. मी मनातल्या मनात वीस वर्षांचा हप्ता काढला आणि हेडफोन अदबीने काढून ठेवला.

आणि या सगळ्याची सुरुवात कुठून? तर स्वयंपाकघरातून. १९१० साली अमेरिकेत युटामधल्या नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने घरच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर हेडफोन तयार केले आणि अमेरिकन नौदलाला पाठवले. नौदलाने आणखी मागवले, तर हा एका वेळी दहाच देऊ शकेन म्हणाला. स्वयंपाकही त्याच टेबलावर व्हायचा असणार. गाणे ऐकायला स्टीरिओ हेडफोन आले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९५८ साली, जॉन कॉस याने काढले तेव्हा. आणि १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आल्यापासून माणूस रस्त्याने चालतानाही कोणाचे ऐकेनासा झाला.

पण माझे यंत्र भारी की तुझे, हे भांडण याहून जुने आहे. त्याला थेट एडिसनचाच आशीर्वाद आहे. १९१५ पासून दहा वर्षे त्याच्या कंपनीने अमेरिकाभर जाहीर परीक्षा घेतल्या. रंगमंचावर एक गायिका आणि शेजारी तिचीच तबकडी लावलेले यंत्र. गाणे चालू असताना दिवे घालवायचे. प्रेक्षक कान टवकारून बसायचे. दिवे लागले की बाई गायब, गात होते ते यंत्र! लोक थक्क. १९१६ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येसुद्धा हा खेळ झाला. अ‍ॅना केस नावाची गायिका या प्रयोगांतून गाजली. तिने म्हातारपणी सांगून टाकले की ती आपला आवाज यंत्राच्या आवाजाला जुळेल इतका बेताचाच लावत असे. यंत्र माणसासारखे गाते हे सिद्ध करायला माणसाने यंत्रासारखे गायचे. आमच्या बँकेत संगणक आले तेव्हा आम्हांला जे प्रशिक्षण दिले गेले ते नेमके हेच होते.

इंग्लंडमध्ये १९५४ साली ब्रिग्ज नावाच्या स्पीकरवाल्याने रॉयल फेस्टिव्हल हॉल भाड्याने घेतला आणि प्रत्यक्ष वाजणारी वाद्ये व त्यांचे मुद्रण लोकांपुढे पाठोपाठ वाजवून दाखवले. मदतीला 'क्वाड'चा पीटर वॉकर आणि त्याचे व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर. हॉल भरून गेला. नुसते स्पीकर ऐकायला तिकीट काढून जाणारे लोक! आमच्याकडे तिकीट काढूनही स्पीकर ऐकू येत नाहीत, अशी नाट्यगृहे मी पाहिली आहेत.

सोलापूरला हे वेड परके नाही. १९९० साली मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची संस्था निघाली आणि तिचे एक केंद्र सोलापुरातही झाले. मी गेलो ती बैठक मात्र त्या संस्थेची नव्हती. ती निव्वळ घरगुती होती आणि तीत तबकडीपेक्षा वायरीवर जास्त बोलणे झाले. बोलून बोलून आवाज चढले तेव्हा कोपऱ्यात शेंगाची चटणी-भाकरी खात बसलेले एक निवृत्त इंजिनिअर उठले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात.

"आता भांडू नका बे," अण्णा म्हणाले. "दोन अ‍ॅम्प्लिफायर, मधे एक बटण. कुठला चालू आहे ते मी सांगणार नाही. दहा वेळा बदलतो. तुम्ही 'अ' का 'ब' एवढंच सांगायचं. आणि मार्कं हे बँकेचे साहेब लिहितील. त्यांना गाण्यातलं काही कळत नाही, म्हणजे पक्षपात व्हायचा नाही."

मी डायरीच्या पानावर किर्द आखली. दहा फेऱ्या झाल्या. जवळपास सर्वांनी एकमुखाने 'ब' चांगला म्हटले. 'ब'मध्ये उब आहे, 'ब'मध्ये गायक समोर बसल्यासारखा वाटतो, 'ब' म्हणजे 'ब'. अण्णांनी कापड बाजूला केले. दोन्ही बाजूंना एकच अ‍ॅम्प्लिफायर होता. 'ब'ला त्यांनी आवाज केसभर मोठा ठेवला होता, इतकेच. एक डेसिबल.

"फरक एवढा बारीक असला की कानाला तो मोठा आवाज म्हणून कळत नाही," अण्णा म्हणाले, "चांगला आवाज म्हणून कळतो. दुकानदाराला हे पन्नास वर्षं माहीत आहे. म्हणून आधी आवाज मोजून सारखा करायचा, मग अक्कल चालवायची."

दोन मिनिटे कोणी बोलले नाही. मग सर्वांत महागड्या हेडफोनचे मालक खाकरून म्हणाले, "पण त्यातही 'ब' जरा उबदार होताच." अशा माणसाला कर्ज देताना मी तारण दुप्पट घेतो.

आता माझे मन तसे इतिहासात रमणारे. त्यामुळे माझे लक्ष वायरींवरून तबकड्यांच्या ढिगाकडे गेले. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैस्बर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजानचे गाणे घेतले. तेव्हा ना मायक्रोफोन ना अ‍ॅम्प्लिफायर. भिंतीतून आलेल्या कर्ण्यात तोंड घालून गायचे आणि तीन मिनिटांत ख्याल आटोपून शेवटी इंग्रजीत आपले नाव सांगायचे. नाव अशासाठी, की मेणाचे साचे बोटीने जर्मनीत हॅनोवरला जायचे आणि तिथल्या कारागिराला बाई कोण, बुवा कोण, काय कळणार? सियालदहला कारखाना निघाला तो १९०८ साली. तोवर आमचे यमन-भूप समुद्र ओलांडून छापून येत. बरे, तबकडी कशाची? लाखेची. पळस, बोर आणि कुसुंबावरच्या किड्यांची ती लाख आपल्याकडून तिकडे जायची आणि गाणे होऊन परत यायची. ज्या लाखेचे घर पांडवांना जाळायला बांधले, तिच्यात आम्ही उस्तादांना जपून ठेवले.

सगळ्यांनाच ते मानवले नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, अल्लादियाखाँसाहेब १९४६ साली. दोघांचीही तबकडी नाही. चाळीस लाखांचा हेडफोन घातला तरी त्यांचा एक सूर ऐकू यायचा नाही. अल्लादियाखाँच्या शिष्या केसरबाई केरकर मात्र गायल्या आणि त्यांची भैरवीतली साडेतीन मिनिटांची एक चीज १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर चढली. नासाने सोबत सुई आणि पिकअप दिले आहेत, आणि तबकडी किती वेगाने फिरवायची ते झाकणावर चित्रांनी कोरून ठेवले आहे. याने उडाली ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणि केसरबाई गेल्या सोळा सप्टेंबरला. गोव्यातल्या केरी गावची ती बाई आता दोन हजार कोटी किलोमीटरांच्या पलीकडे गेली आहे. तिथे कोणी भेटलेच तर ते आधी 'याचा अ‍ॅम्प्लिफायर कुठला लावू' असे विचारेल, याबद्दल मला आता शंका नाही.

मी हे सांगायला तोंड उघडले आणि वीज गेली.

सोलापुरात वीज जायला कारण लागत नाही. इन्व्हर्टरवर एक पंखा फिरत राहिला, व्हॉल्व्ह विझले, दहा-बारा लाखांचा माल सतरंजीवर मुका होऊन पडला. एप्रिलचा महिना. मंडळी रुमालाने वारा घेऊ लागली. तेवढ्यात अण्णांना आठवले, की कपाटावर किल्लीचा पोर्टेबल ग्रामोफोन आहे, एचएमव्ही १०२. हे मॉडेल १९३१ साली निघाले. त्याला फक्त मनगट लागते. अण्णांनी किल्ली भरली, नवी सुई बसवली आणि मला म्हणाले, "काढा की मालक तुमची चादर."

तबकडी अब्दुल करीमखाँसाहेबांची होती, ओडियनची, १९३० नंतरच्या दशकातली. मिरजेला राहिलेल्या या माणसाने १९३७ साली मद्रासकडच्या सिंगपेरुमाळकोइल स्टेशनात देह ठेवला. त्याआधीच्या थोड्या वर्षांत हे सूर लाखेत उतरले. माझे वडील गिरणीत मागखात्यात होते. कुठल्या गिरणीत ते राहू द्या. किल्लीचे यंत्र त्यांनी जुन्या बाजारातून घेतले, लोक विजेच्या प्लेअरकडे वळले तेव्हा. तबकड्याही तिथल्याच. दर रविवारी ते ही एक लावायचे.

सुई टेकली आणि आधी आली ती खरखर. कढईत शेंगदाणे भाजावेत तशी. तिच्याआडून खाँसाहेबांचा तो बारीक, धारदार सूर. मंडळी हळहळली. एक जण म्हणाला, "संगणकावर घालून साफ करून देतो तुम्हांला." मी म्हटले, "वडील असताना एवढी खरखर नव्हती हो. ते तर म्हणायचे, काय स्वच्छ वाजते बघ."

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. "वडील मागावर होते म्हणालात? ऐकायला कमी यायचं?"

यायचे. मागखात्यात धोट्याच्या ठोक्यांनी शंभर डेसिबलच्या आसपास आवाज असे आणि तिथे पाळीवर तीस वर्षे काढलेला माणूस घरी हातवाऱ्यांनी बोलायचा. आम्ही भावंडे गल्लीत 'ओरडणाऱ्यांची पोरे' म्हणून ओळखली जायचो. मी शाळेतला निकाल सांगायला गेलो की ते 'काय?' म्हणायचे, मी ओरडून सांगायचो आणि शेजाऱ्यांना माझे गणिताचे मार्क कळायचे.

"मग बरोबर आहे त्यांचं," अण्णा म्हणाले. "मागाच्या आवाजाने कान जातो तो आधी चार हजार हर्ट्झच्या आसपास जातो, मग तिथून वर. गाणाऱ्याचा मूळ सूर हजाराच्या आत. तेवढं त्यांना यायचं. ही खरखर बरीचशी वरची. ती त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती. आम्ही दोन-दोन लाख घालून जी काढायला बघतो ती त्यांच्या लेखी नव्हतीच."

वीज दीड तासाने आली. कोणी अ‍ॅम्प्लिफायर लगेच सुरू केला नाही, एवढे नोंदवून ठेवतो.

अण्णांनी निघताना आणखी एक सांगितले. एडिसन स्वतः जवळजवळ बहिरा होता. आपलेच यंत्र ऐकायला तो त्याच्या लाकडाला दात लावायचा. कवटीच्या हाडातून सूर आत जातो. त्याच्या यंत्रावर दातांचे व्रण आहेत.

घरी येऊन मी माळ्यावरचा ग्रामोफोन खाली काढला. स्प्रिंग केव्हाच तुटली होती. काळे रेक्झिन सगळीकडे धड, फक्त उजव्या हाताच्या एका कोपऱ्यावर झिजून खालचे लाकूड दिसत होते, आणि ते लाकूड तेलकट होते. आईला दाखवले. आई म्हणाली, "तिथं डोकं टेकून बसायचे. मला वाटायचं डुलकी लागली. आठवडाभर उभं राहायचं काम. म्हणून मी पोरांना गप्प करायचे."

पुढच्या रविवारी अण्णा स्प्रिंग घेऊन आले, पैसे घेतले नाहीत, चटणी घेतली. ते गेल्यावर मी तबकडी लावली, दोन्ही कानांत बोटे घातली आणि त्या कोपऱ्यावर कपाळ टेकवले. खाँसाहेब कवटीत गायला लागले. लांबून, जड, पण खरखर अगदी नावापुरती. सूर वर गेला की लाकूड कपाळाला बारीक गुदगुल्या करायचे. तीन मिनिटे संपली, सुई मधल्या वर्तुळात फिरत राहिली, तरी मी तसाच बसून होतो.

तेवढ्यात कोणीतरी खांदा गदागदा हलवला. बायको होती. हातात रिकामी बादली.

"चार दिवसांनी पाणी आलंय! किती हाका मारायच्या? कान आहेत का नाहीत?"